ग्रेस हॉपर : संगणकाला ‘कंपाइल’ करायला शिकवणाऱ्या बाई

सोर्स कोडवरून एखादं सॉफ्टवेअर स्वतः तयार करायचं असेल, तर उबंटूवर पहिलं काम म्हणजे ‘बिल्ड-इसेन्शियल’ हे पॅकेज टाकणं. त्या एका नावाबरोबर जीसीसी कंपायलर येतो, मेक येतं, सी लायब्ररीच्या हेडर फाइल्स येतात आणि लिंकरही येतो. यातला कंपायलर तेवढा बहुतेकांना ऐकून माहीत असतो. लिंकरची ओळख मात्र थेट एररमधूनच होते. सगळ्या फाइल्स व्यवस्थित कंपाइल होतात आणि अगदी शेवटच्या पायरीवर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ असं काहीतरी येऊन गाडी अडते. हे कंपायलर आणि लिंकर म्हणजे नेमकं काय असं कोणी विचारलं, तर मी व्याख्या सांगत बसत नाही, ग्रेस हॉपरबाईंची गोष्ट सांगतो. कारण ही कामं एकेकाळी माणसं हाताने करायची, आणि ती यंत्राकडून करून घ्यायचा हट्ट या बाईंनी धरला.

ग्रेस हॉपर यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कचा. सात वर्षांच्या असताना गजराचं घड्याळ आतून कसं चालतं हे बघायला त्यांनी ते खोललं. परत जुळेना, म्हणून दुसरं खोललं. असं करत घरातली सातही घड्याळं खोलून झाली, तेव्हा आईने यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करायचे असं ठरवून दिलं. पुढे वासार कॉलेजातून पदवी, १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएचडी आणि वासारमध्येच शिकवण्याची नोकरी. म्हणजे शब्दशः ‘बाई’.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरल्यावर त्यांनी नौदलात जायचं ठरवलं. वय जास्त, वजन कमी, अशा अडचणी निघाल्या. खास सवलत मिळवून त्या १९४३ च्या डिसेंबरात नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या, आणि १९४४ मध्ये त्यांची रवानगी झाली हार्वर्डला, ‘मार्क वन’ नावाच्या यंत्रावर. ५१ फूट लांब आणि सुमारे ५ टन वजनाचं हे धूड सेकंदाला तीन बेरजा करायचं. एका गुणाकाराला सहा सेकंद लागत. त्याला सूचना द्यायच्या त्या कागदी पट्टीवर भोकं पाडून.

आता खरी मेख इथे आहे. साइन काढण्यासारखी गणितं पुन्हा पुन्हा लागायची. प्रत्येक वेळी नव्याने लिहिण्यापेक्षा, आधी चाललेला तुकडा प्रोग्रामर वहीत उतरवून ठेवत. पुढच्या कामाला कोणी सहकाऱ्याची वही मागून घ्यायचा आणि तो तुकडा बघून पुन्हा लिहायचा. आपण आज ज्याला लायब्ररी म्हणतो ती तेव्हा वहीत होती आणि कॉपी-पेस्ट हाताने चालायचं. उतरवताना आकडा चुकायचा, आणि एक आकडा चुकला की पुढचं सगळं उत्तर चुकीचं. युद्धाच्या दिवसांत अशा चुका शोधण्यात जाणारा वेळ परवडणारा नव्हता.

(संगणकात सापडलेल्या पतंगामुळे ‘बग’ हा शब्द आला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १९४७ मध्ये मार्क टू यंत्राच्या रिलेत पतंग खरंच सापडला आणि नोंदवहीत चिकटवलाही गेला. पण बिघाडाला ‘बग’ म्हणायची पद्धत त्याआधीपासून होती. हॉपरबाईंनी ती गोष्ट रंगवून सांगितली, एवढंच.)

युद्धानंतरची वर्षं त्यांना जड गेली. लग्न मोडलं होतं. नौदलात कायम होण्यासाठी वय आडवं आलं आणि हार्वर्डमध्ये बाईला कायमची जागा नव्हती. त्यात दारूही वाढली. १९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियाला एकर्ट आणि मॉक्ली यांच्या कंपनीत गेल्या. ही कंपनी युनिव्हॅक नावाचा संगणक बनवत होती. ती धड उभीही नव्हती. पुढच्याच वर्षी रेमिंग्टन रँडने ती विकत घेतली. बाईंचं वय तेव्हा चाळिशीच्या पुढे.

युनिव्हॅकमध्ये प्रोग्राम आता यंत्राच्या मेमरीतच राहू लागला होता. मेमरी होती एक हजार शब्दांची, पाऱ्याच्या नळ्यांत साठवलेली. आता वहीतला तुकडा नुसता उतरवून भागेना. तुकडा लिहिलेला असायचा शून्य क्रमांकाच्या जागेपासून सुरू होतो असं धरून. तो तुमच्या प्रोग्रामात ३०० व्या जागेवर ठेवायचा, तर त्यातल्या प्रत्येक पत्त्यात ३०० मिळवा. उतरवण्यात चुका होत्याच, त्यात आता बेरजेच्या चुकांची भर पडली.

बाईंचा विचार सरळ होता. न चुकता उतरवणं आणि बेरीज करणं, या दोनच गोष्टी यंत्राला उत्तम येतात. मग माणूस का करतोय? त्यांनी खात्रीचे तुकडे चुंबकीय फितीवर ठेवले आणि प्रत्येकाला ग्रंथालयातल्या पुस्तकासारखा क्रमांक दिला. प्रोग्रामरने फक्त कोणते क्रमांक हवेत आणि कोणत्या संख्यांवर काम करायचं ते लिहायचं. फितीवरून तुकडे शोधणं, ओळीने लावणं, पत्ते दुरुस्त करणं हे सगळं संगणक करणार. निरनिराळ्या ठिकाणचं साहित्य गोळा करून एक पुस्तक सिद्ध करणं म्हणजे संकलन, त्याच अर्थाने त्यांनी याला कंपायलर म्हटलं. हा ए-झीरो, १९५१-५२ चा.

एक अडचण फार मजेशीर होती. प्रोग्रामात पुढच्या एखाद्या तुकड्याकडे उडी मारायची असेल, तर तो अजून मेमरीत ठेवलेलाच नाही. मग त्याचा पत्ता कुठून आणायचा? बाईंना आठवला कॉलेजात खेळलेला बास्केटबॉल. चेंडू थेट पुढे देता येत नसेल, तर मधल्या खेळाडूकडे द्यायचा आणि आपण पुढे पळायचं. त्यांनी मेमरीच्या शेवटी एक कोपरा राखून ठेवला. उडी आधी त्या कोपऱ्यात, आणि पुढचा तुकडा जागेवर बसला की कोपऱ्यात त्याचा खरा पत्ता भरायचा.

आजच्या भाषेत बोलायचं तर ए-झीरो हा कंपायलरपेक्षा लिंकर जास्त होता. तुमच्या मशीनवर ऑब्जेक्ट फाइल्स जोडताना लिंकर हेच करतो: लागणारे तुकडे लायब्ररीतून काढतो, रिकामे पत्ते भरतो. क्रमांक आहे पण फितीवर तुकडा नाही, अशी वेळ आली की ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’. हेडर फाइल सापडत नाही ही तक्रार वेगळी, ती कंपायलरची. तिथे बहुतेक वेळा त्या लायब्ररीचं ‘डेव्ह’ शेपटीचं पॅकेज टाकायचं राहिलेलं असतं. एरर कोण देतंय हे आधी बघितलं की निम्मा वेळ वाचतो.

संगणक आकडेमोड करतो, प्रोग्राम लिहीत नाही, असं तेव्हा जाणकारही मानत. त्यामुळे सुरुवातीला फारसं कोणी ए-झीरोला हात लावला नाही. बाईंनी तो सुधारत नेला. १९५३ मध्ये ए-टू ही आवृत्ती गिऱ्हाइकांना दिली, ती सोर्स कोडसकट, आणि सुधारणा केल्या तर आम्हाला पाठवा असंही कळवलं. गिटहब वगैरे यायला अजून पन्नासेक वर्षं होती.

पुढची पायरी म्हणजे साध्या इंग्रजी शब्दांत लिहिलेला प्रोग्राम. हे दाखवताना त्यांनी तोच नमुना फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही करून दाखवला. यंत्राला काय, एका खुणेऐवजी दुसरी. पण वरचे साहेब हादरले. अमेरिकन संगणकाला फ्रेंच कसं समजेल! शेवटी फक्त इंग्रजीवर भागवलं. त्यातून फ्लो-मॅटिक झाली, आणि तिच्या पायावर १९५९ पासून कोबोल उभी राहिली. कोबोल समितीने बनवली, बाई सल्लागार होत्या. तरी तिच्यात फ्लो-मॅटिकचा वाटा मोठा. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्राम किरकोळ बदल करून आरसीएच्या आणि युनिव्हॅकच्या, अशा दोन वेगळ्या संगणकांवर चालवून दाखवला गेला. आज ‘कन्फिगर’ चालवल्यावर पडद्यावर तपासण्यांच्या ओळी धावतात ना, या मशीनवर काय आहे आणि काय नाही, ती त्याच प्रश्नाची पुढची आवृत्ती.

१९६६ मध्ये नौदलाने त्यांना निवृत्त केलं आणि १९६७ मध्ये परत बोलावलं. काम होतं कोबोलला शिस्त लावण्याचं. प्रत्येक कंपनीचा कोबोल कंपायलर थोडा वेगळा वागायचा. बाईंच्या गटाने चाचणीचे प्रोग्राम लिहिले: तुमचा कंपायलर यातून पास होतो का, दाखवा. इन्स्टॉल करण्याआधी आपण ‘मेक चेक’ चालवतो, ते याच जातीचं. थोड्या काळासाठी म्हणून बोलावलेल्या बाई १९८६ पर्यंत राहिल्या. रिअर अॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या तेव्हा वय होतं ७९.

त्यानंतरही त्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या सल्लागार म्हणून व्याख्यानं देत फिरत होत्या. सुमारे ३० सेंटिमीटरचे वायरीचे तुकडे त्या श्रोत्यांना वाटत. एका नॅनोसेकंदात विजेला जास्तीत जास्त तेवढंच अंतर कापता येतं. मग त्या जवळजवळ तीनशे मीटरचं वेटोळं उचलून दाखवत, ते मायक्रोसेकंदाचं. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं.