टॉप व्ह्यू खाली का?

जीटी म्हणजे काय हे हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. स्टाफपैकी कुणाला खरोखरच माहीत नसेल तर सांगतो. खाली टेबल लॅम्प, वर काच (आमच्या रूममध्ये ती खिडकीची होती), काचेवर सीनियरची शीट आणि तिच्यावर आपली कोरी शीट. झालं ग्लास ट्रेसिंग. रात्री अकराला बसलं की तीनपर्यंत दोन शीट हातावेगळ्या होतात आणि डोक्यात काडीचंही शिरत नाही.

फर्स्ट इयरला माझ्या ड्रॉइंगच्या सगळ्या शीट अशाच झाल्या. आमच्या विंगमधल्या अकरा जणांनी एकाच सीनियरच्या शीटवरून जीटी मारली होती. त्या मूळ शीटमध्ये कापलेल्या शंकूवरची एक रेषा चुकीच्या जागी उतरली होती. ती अकराच्या अकरा शीटवर इमानेइतबारे उतरली. सरांनी सगळ्या शीट शेजारी शेजारी मांडल्या आणि एकही शब्द न बोलता आमच्याकडे पाहिलं. पुढे ओरलला एक्स्टर्नलनी मला एवढंच विचारलं की फ्रंट व्ह्यू वर आणि टॉप व्ह्यू खाली का काढतोस, वरून दिसणारी गोष्ट वर नको का? मी म्हणालो, पद्धत आहे म्हणून. केटी लागली.

सुट्टीत त्या केटीसाठी लायब्ररीत बसलो असताना या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मला एक माणूस सापडला. गास्पार मोंज. त्याचं नाव आमच्या सिलॅबसमध्ये कुठेही नाही, पण ड्रॉइंगच्या पहिल्या युनिटमधली जवळपास प्रत्येक रेषा त्याच्याकडे जाते.

मोंजचा जन्म १७४६ सालचा, फ्रान्सच्या बरगंडी भागातल्या बोन नावाच्या गावातला. बाप छोटा व्यापारी. घरात पैसा नाही, पण मुलांनी शिकावं ही जिद्द. चौदाव्या वर्षी पोराने आग विझवायचा पंप बनवला असं त्याचे चरित्रकार सांगतात. लिऑनला शिकायला गेला आणि कोवळ्या वयातच तिथे भौतिकशास्त्र शिकवू लागला. पुढे गावी परतल्यावर, १७६४ साली, त्याने अख्ख्या बोन गावाचा मोठा नकाशा काढला. मोजमापाची साधनं बाजारात घेण्याची ऐपत नव्हती, ती स्वतःच तयार केली. कुणी सांगितलं नव्हतं, मार्क मिळणार नव्हते. इथे आमची ड्राफ्टर हरवली की शीट सबमिट न करायला कारण मिळायचं, हे आठवून मला जरा लाज वाटली.

तो नकाशा मेझिएरच्या लष्करी इंजिनीअरिंग शाळेतल्या एका अधिकाऱ्याच्या नजरेला पडला आणि मोंजला तिथे बोलावणं आलं. पोरगा खूश झाला असणार. पण तिथे गेल्यावर कळलं की विद्यार्थी म्हणून प्रवेश नाही. ती जागा सरदार-उमरावांच्या मुलांसाठी. व्यापाऱ्याच्या मुलाने खालच्या विभागात नकाशे काढायचे आणि प्लॅस्टरची मॉडेल्स बनवायची. थोडक्यात, कॉलेज तेच, पण हा वर्कशॉपमधला ड्राफ्ट्समन.

मग एक दिवस त्याला एक काम मिळालं. एका किल्ल्याच्या तटबंदीचा आराखडा. किल्ल्याभोवती टेकड्या असतात. टेकडीवर तोफ घेऊन बसलेल्या शत्रूला किल्ल्याच्या आतलं दिसता कामा नये, म्हणजे तट पुरेसा उंच हवा. फार उंच केला तर दगड, मजूर आणि पैसा फुकट. कमी केला तर आतले सैनिक मरणार. तेव्हा ही उंची काढायला जागोजागची मोजमापं घेऊन लांबलचक आकडेमोड करत. मोंजने ती आकडेमोड केलीच नाही. त्याने हा प्रश्न कागदावर भूमितीने सोडवला आणि ठरल्यापेक्षा कितीतरी आधी उत्तर घेऊन गेला.

अधिकाऱ्याने ते तपासायलाच नकार दिला. इतक्या वेळात हे गणित होऊच शकत नाही, म्हणजे काहीतरी गडबड आहे, हा त्याचा तर्क. माझ्यासारख्याच्या बाबतीत तो बरोबर ठरला असता. मोंज मात्र हटला नाही. आपण आकडेमोड केलेलीच नाही, रीतच वेगळी आहे, हे त्याने सांगितलं आणि शेवटी तपासायला लावलं. उत्तर बरोबर निघालं.

ती रीत म्हणजे आपलं एचपी आणि व्हीपी. अवकाशातला कुठलाही बिंदू घ्या. त्याची एक सावली जमिनीवर सरळ खाली पाडा, दुसरी समोरच्या भिंतीवर. या दोन सावल्या मिळून तो बिंदू पक्का होतो. पण जमीन आणि भिंत एकमेकींना काटकोनात, आणि कागद तर एकच. मोंजने भिंत बिजागरीवर फिरवल्यासारखी मागे पाडली आणि जमिनीच्या पातळीत आणली. ती बिजागरी म्हणजे आपली एक्सवाय लाइन. आता कागद समोर धरून बघा. भिंतीवरची सावली रेषेच्या वर गेली, जमिनीवरची, म्हणजे वरून दिसणारी, खाली राहिली. म्हणून टॉप व्ह्यू खाली! भारतीय मानक ब्युरोने घेतलेल्या फर्स्ट अँगल पद्धतीत आजही तसंच आहे. मी हे समजून घ्यायला वही नव्वद अंशात उघडून टेबलावर ठेवली, वर खोडरबर धरला आणि मग वही सपाट केली. पाच मिनिटं लागली. जीटीला वर्ष गेलं होतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. प्लॅन आणि एलेव्हेशन मोंजने शोधलं असं काही पुस्तकांत असतं, ते खरं नाही. गवंडी, सुतार, चित्रकार आधीपासून असे दोन व्ह्यू काढत होते, पण प्रत्येकाच्या युक्त्या वेगळ्या. दोन व्ह्यूंवरून तिसऱ्या मितीचा प्रश्न हमखास सोडवता येईल असं एकच शास्त्र मोंजने उभं केलं. रेषेची खरी लांबी, दोन सिलिंडर एकमेकांत घुसले तर छेद कसा दिसेल, सगळं त्यात आलं. डिस्क्रिप्टिव्ह जॉमेट्री हे नाव त्याचंच.

लष्कराने ते लगेच गुपित ठरवून टाकलं. शोध ज्याचा, त्यालाच तो बाहेर शिकवायची बंदी! शाळेत मात्र त्याची बढती झाली, १७६९ साली तो गणिताचा प्राध्यापक झाला. वय बावीस. ज्या वर्गात बसायला मनाई होती त्याच वर्गाला शिकवायला उभा राहिला. हे वाचल्यावर मी लायब्ररीत मोठ्याने हसलो होतो.

पुढचं आयुष्य एखाद्या कादंबरीत शोभेल असं आहे, पण मी भरभर जातो. १७८० मध्ये विज्ञान अकादमीचा सदस्य, मग लोखंड आणि पोलादावर संशोधन. १७८९ ला क्रांती झाली. १७९२ ते ९३ तो आरमार खात्याचा मंत्री होता, पण ते काम त्याला फारसं मानवलं नाही. तोफा कशा ओतायच्या यावर मात्र त्याने पुस्तकच लिहिलं, आणि कारखान्यांत जाऊन उभा राहिला तो वेगळाच.

१७९४ मध्ये पॅरिसला नवी इंजिनीअरिंग शाळा निघाली, पुढच्या वर्षी तिचं नाव एकोल पॉलिटेक्निक झालं. तिच्या उभारणीत मोंज आघाडीवर होता. प्रवेश परीक्षेवर, कुळावर नाही. पहिल्या तुकडीत सुमारे चारशे मुलं, फी नाही, उलट विद्यार्थ्यांनाच भत्ता. सुरुवातीच्या वेळापत्रकात सगळ्यात मोठा वाटा त्याच्या भूमितीचा. त्याच सुमारास, १७९५ मध्ये, शिक्षक तयार करण्यासाठी काढलेल्या दुसऱ्या एका शाळेत त्याने ती भूमिती उघडपणे शिकवली. तीस वर्षांचं गुपित संपलं. शिकवताना तो दोन्ही हातांनी हवेत पृष्ठभाग रेखाटायचा म्हणे, आणि मुलांना ते दिसायचे.

१७९८ मध्ये तो नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला. वाळवंटात तहानलेल्या सैनिकांना पाणी दिसायचं आणि जवळ गेलं की नाहीसं व्हायचं. तापलेल्या वाळूलगतच्या हवेने प्रकाश कसा वळतो हे मोंजने तिथेच समजावून सांगितलं. त्याची व्याख्यानं पुस्तकरूपाने निघाली १७९९ साली, तीही तो दूर इजिप्तमध्ये असताना.

नेपोलियनवर त्याचा जीव होता आणि तीच त्याची दुबळी बाजू, असं मला वाटतं. क्रांतीच्या काळात सरंजामशाहीविरुद्ध उभा राहिलेला हा माणूस १८०८ मध्ये काउंट झाला. नेपोलियनने पॉलिटेक्निक लष्करी शिस्तीत नेलं आणि १८०५ पासून फीही लावली, तेव्हा मोंजला ते रुचलं नाही, तरी त्याने साथ सोडली नाही. १८१५ ला नेपोलियन पडला. पुढच्याच वर्षी नव्या राजवटीने मोंजचं नाव विज्ञान संस्थेच्या यादीतून काढून टाकलं. तब्येत आधीच ढासळली होती. २८ जुलै १८१८ रोजी तो गेला.

पॉलिटेक्निकच्या मुलांनी अंत्ययात्रेला जायची परवानगी मागितली, ती नाकारण्यात आली. मुलांनी हुकूम मोडला नाही. मग बाहेर जायची मुभा मिळाली त्या दिवशी ती पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत त्याच्या थडग्यापाशी जमली आणि फुलं वाहून आली. १९८९ मध्ये फ्रान्सने त्याच्या अस्थी सन्मानाने पँथिऑनमध्ये नेल्या. ते ठीकच. पण मला ती मुलं जास्त आठवतात.

केटी निघाली. त्या वेळच्या शीट मी स्वतः काढल्या, रात्री जागून, भरपूर खाडाखोड करून. त्या अजून माझ्या पलंगाखाली आहेत. ज्युनियर्सना जीटीसाठी हव्या असतील तर खुशाल घेऊन जावं. एका शीटमध्ये एक रेषा मी मुद्दाम चुकीची ठेवली आहे. कोणत्या, ते सांगणार नाही.