फ्लुइड मेकॅनिक्सचं जाडजूड पुस्तक लिहिणारे होरेस लॅम्ब कोण होते? आज ते पुस्तक घ्यावं का?

एम.टेक.ला फ्लुइड मेकॅनिक्स घेतलं की संदर्भग्रंथांच्या यादीत ‘हायड्रोडायनॅमिक्स’ हे नाव हमखास दिसतं. त्याचे लेखक सर होरेस लॅम्ब.

गिरणीच्या गावातून केंब्रिजला
लॅम्ब यांचा जन्म १८४९ मध्ये इंग्लंडमधील स्टॉकपोर्टचा. वडील कापड गिरणीत फोरमन. ते लवकर वारले, मावशीनं सांभाळ केला. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत लॅम्ब १८७२ मध्ये दुसरे आले. १८७६ मध्ये ते ऑस्ट्रेलियातील ॲडलेडच्या नव्या विद्यापीठात गणिताचे पहिले प्राध्यापक झाले.

५३ वर्षं, ६ आवृत्त्या
तिथे असतानाच, १८७९ मध्ये पुस्तक आलं. १८८५ पासून १९२० पर्यंत ते मँचेस्टरला शिकवत होते. रेनॉल्ड्स नंबरवाले ऑस्बोर्न रेनॉल्ड्स तिथेच सहकारी होते. पुस्तकाची डागडुजी मात्र निवृत्तीनंतरही थांबली नाही. प्रांटल यांनी १९०४ मध्ये मांडलेल्या बाउंड्री लेयरला सहाव्या आवृत्तीत स्वतंत्र जागा मिळाली. साल होतं १९३२, लॅम्ब ऐंशीच्या पुढे होते. १९३४ मध्ये त्यांचं निधन झालं.

मग कोणतं पुस्तक घ्याल?
लाटा, भोवरे, पोटेन्शियल फ्लो यांसाठी लॅम्ब आजही उपयोगी. पण त्यात व्हेक्टर नोटेशन नाही, समीकरणं लांबलचक आहेत. म्हणून पाया पक्का करायला बॅचलर, बाउंड्री लेयरसाठी श्लिश्टिंग घ्या. लॅम्ब लायब्ररीतून आणा, अडलं की उघडा.