विजेचा कोप कीं सृष्टीचा नियम ?

वीज पडली कीं ती कोणाच्या तरी पापाचें फळ होय, आणि पायाळू मनुष्यावर ती हटकून पडते, अशा समजुती आमच्या समाजांत अद्यापि निर्मूळ झालेल्या नाहींत. त्या बाळगणारांनीं बेंजामिन फ्रँक्लिन याच्या चरित्राचें अवश्य मनन करावें.

हा पुरुष १७०६ सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं साबण व मेणबत्त्या करणाराच्या घरीं जन्मला. शाळा त्यास सुमारें दोनच वर्षें लाभली; बाराव्या वर्षीं तो थोरल्या भावाच्या छापखान्यांत उमेदवार म्हणून राहिला. १७२३ सालीं तो फिलाडेल्फियास गेला आणि उद्योग व काटकसर यांच्या बळावर छापखान्याचा व वृत्तपत्राचा मालक झाला. १७३१ सालीं त्यानें वर्गणीदारांचें वाचनालय स्थापिलें. पुरेसें द्रव्य मिळतांच १७४८ सालीं, बेचाळिसाव्या वर्षीं, त्यानें धंदा आवरता घेऊन शास्त्राकडे लक्ष दिलें.

आकाशांतील वीज व घर्षणानें उत्पन्न होणारी वीज एकच असावी, असा त्याचा तर्क होता. तो कसोटीस लावण्याची रीतही त्यानें प्रसिद्ध केली. तदनुसार मे १७५२ मध्यें फ्रान्स देशांत उंच लोखंडी गज उभारून मेघांतील वीज उतरविण्यांत आली. त्याच वर्षीं पतंगाच्या भिजलेल्या दोरीनें फ्रँक्लिननेंही तीच गोष्ट सिद्ध केली. हा खेळ जिवावरचा होता. १७५३ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें रिचमन नांवाचा शास्त्रज्ञ अशाच प्रयोगांत मरण पावला. इमारतीच्या माथ्यावर टोकदार गज बसवून तो तारेनें जमिनींत नेला, म्हणजे वीज घरास न जाळतां भूमींत जिरते. ही युक्ति फ्रँक्लिननें मक्ता न घेतां सर्वांस फुकट दिली. तथापि १७५५ सालीं बोस्टन येथें भूकंप होतांच एका धर्मोपदेशकानें त्याचा दोष या गजांवर ठेविला !

फ्रँक्लिन निर्दोष नव्हता. त्याच्या घरीं गुलाम होते. परंतु उत्तर वयांत तो गुलामगिरीविरोधी मंडळीचा अध्यक्ष झाला, आणि १७९० सालीं मरणापूर्वीं दोन महिने त्यानें त्या प्रथेविरुद्ध काँग्रेसपुढें अर्ज केला. स्वतःचें मतही नवा पुरावा मिळतांच बदलणें, हेंच खरें शास्त्र होय.

१९७९ सालीं व्हॉयेजर यानास गुरु ग्रहाच्या अंधाऱ्या बाजूस विजा चमकतांना आढळल्या. तेथें ना पापी मनुष्य, ना पायाळू. मग ती वीज कोणास शासन करीत असावी बरें?

भारतांत वीज पडून दरवर्षीं दोन हजारांहून अधिक माणसें मरतात. आमचे धनिक व्यापारी कळसास सोनें चढवितात; त्यांतील अल्पांश गांवच्या शाळेवर व धर्मशाळेवर असा गज बसविण्यास लाविला, तर तें पुण्य रोकडें पदरीं पडेल.