तमाशाच्या बोर्डावरचा उद्याचा देश

पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. दिवसा बैलबाजार, घोंगड्यांची दुकानं, आकाशपाळणे आणि रात्र झाली की तमाशाचा फड. तमाशा म्हणजे टाइमपास, असं आपण सहज म्हणून टाकतो. पण दुसरं महायुद्ध चालू असताना एका तरुणाने याच तमाशातून युद्धानंतरचा देश कसा हवा, ते कामगार-शेतकऱ्यांसमोर मांडलं. तो तरुण म्हणजे अण्णाभाऊ साठे.

मूळ नाव तुकाराम. जन्म 1 ऑगस्ट 1920, सांगली जिल्ह्यातलं वाटेगाव. शाळा झाली जेमतेम दीड दिवस. लहानपणीच घरच्यांसोबत पायी चालत मुंबई गाठली. हमाली केली, गिरणीत राबले. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं बघत अक्षरं जुळवायला शिकले. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात चळवळीशी गाठ पडली आणि घरातला तमाशा नव्या कामाला लागला.

1943 साल. युद्धामुळे धान्य महाग, रेशनला रांगा, बंगालात दुष्काळाने माणसं मरत होती. त्याच वर्षी स्टालिनग्राडमध्ये हिटलरची फौज हरली आणि अण्णाभाऊंनी त्यावर पोवाडा रचला. परळच्या कामगाराला हजारो मैलांवरचं शहर आपलं का वाटावं? कारण ती लढाई त्याच्यासारख्या राबणाऱ्यांनी जिंकली, असं पोवाडा त्याला सांगत होता. तिथे जमलं, तर इथे का नाही?

1944 मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं राहिलं. तमाशाचा साचा तोच ठेवला, आशय बदलला. सुरुवातीच्या गणात गणपतीऐवजी मायभूमीला आणि शिवरायांना वंदन आलं. गौळण गेली. सोंगाड्या आता सावकाराची, शेटजीची टर उडवू लागला. राबणाऱ्याचं पोट भरेल, सावकाराचा पाश सुटेल असा उद्याचा देश लोकांना हसता हसता दिसू लागला.

हे स्वप्न नुसतं बोर्डावरच राहिलं नाही. जानेवारी 1945 मध्ये आपल्या शेजारच्या टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं. तलासरी भागातले काही वारली तिथे आले होते. वेठबिगार बंद करायचीच, या जिद्दीने ते परतले. पुढे गोदावरी परुळेकरांच्या साथीने ठाणे जिल्ह्यात वारल्यांचा लढा पेटला. 10 ऑक्टोबर 1945 च्या गोळीबारात पाच जण गेले, पण वेठ मोडली.

युद्ध संपलं, देश स्वतंत्र झाला. पण नव्या सरकारलाही हे तमाशे झोंबले आणि बंदी आली. अण्णाभाऊ गप्प बसले नाहीत. ते संयुक्त महाराष्ट्रासाठी गायले, 1959 मध्ये ‘फकिरा’ लिहिली, 1961 मध्ये रशियाही पाहून आले. मात्र स्वतःचं आयुष्य बरंचसं घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीतच गेलं. 18 जुलै 1969 ला ते वारले, तेव्हाही गरिबी सुटली नव्हती.

मग स्वप्न फसलं का? अर्धं तरी फसलंच. पण ज्याला कुणी विचारतच नव्हतं, त्या माणसाला उद्याबद्दल बोलायचा हक्क आहे, हे अण्णाभाऊंनी ढोलकीच्या तालावर पटवून दिलं. कॉलेजच्या पुढच्या एकांकिकेसाठी विषय शोधताय? उद्याचा देश कसा हवा, हा विषय अजून संपलेला नाही.