सरखेल कान्होजी आंग्रे व त्यांचे पुत्र

आंबिवलीच्या आसपास राहणाऱ्या आमच्या वाचकांस काळू नदी ठाऊक आहे. तिचे पाणी उल्हास नदीस मिळते, उल्हास कल्याणावरून पुढे जाऊन तिची खाडी होते, आणि ती खाडी घोडबंदरावरून वसईपाशी समुद्रास मिळते. ह्याच खाडीत मराठ्यांच्या आरमाराचा जन्म झाला, ही गोष्ट मात्र आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक नसेल. इ. स. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण व भिवंडी ही ठाणी घेतली, आणि १६५९ च्या सुमारास तेथे लढाऊ नावा बांधावयास आरंभ केला. त्या कामावर रुय लैतांव व्हिएगश नावाचा एक फिरंगी कारागीर व त्याचा पुत्र हे दोघे होते. ह्या नावा पाण्यात उतरल्यावर वसईवरूनच समुद्रात जाणार, हे वसईच्या फिरंगी अधिकाऱ्यांच्या ध्यानात आले. तेव्हा त्यांनी आपल्या लोकांस फितवून परत बोलाविले. तरी काम बंद पडले नाही. कोळी, भंडारी व इतर दर्यावर्दी लोकांच्या साहाय्याने आरमार वाढतच गेले.

ह्या आरमारास पुढे जो सर्वांत मोठा सरदार लाभला, त्याचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. कान्होजी आंग्रे ह्यांचे नाव शाळेतील मुलांसही पाठ असते. परंतु त्यांच्या लढायांचे वर्णन झाले म्हणजे बहुतेक लेखक तेथेच थांबतात. हा पुरुष सहा पुत्रांचा पिता होता. त्याने मिळविलेले त्या पुत्रांच्या हाती कसे गेले व पुढे त्याचे काय झाले, हा भाग आम्हांस लढायांपेक्षाही विचार करण्यासारखा वाटतो.

आंग्रे ह्यांचे मूळ आडनाव संकपाळ. अंगरवाडी ह्या गावावरून त्यांस आंग्रे म्हणू लागले. कान्होजींचे वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या चाकरीत असून हर्णैजवळील सुवर्णदुर्ग ह्या जलदुर्गावर होते. कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा. वडिलांच्या चाकरीमुळे भरती-ओहोटी, वारा, खडक व शिडे ही त्यांची पहिली शाळा झाली. आमच्या कोळी बांधवांस हे अधिक सांगावयास नको. ज्या मुलाने बापाच्या होडीत बसून सुकाणू धरिले, त्यास समुद्र दुसऱ्या कोणी शिकवावा लागत नाही.

संभाजी महाराजांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या धामधुमीत सुवर्णदुर्गास जंजिऱ्याच्या सिद्दीने वेढा घातला. परंपरा अशी सांगते की, किल्लेदार अचलोजी मोहिते हा पैशास भुलून किल्ला शत्रूच्या स्वाधीन करणार होता. तरुण कान्होजींनी सोबतीच्या शिपायांस विश्वासात घेऊन त्यास कैद केले व किल्ल्याचा कारभार हाती घेतला. पुढे बाहेर पडून छापा घालताना ते स्वतः शत्रूच्या हाती सापडले. परंतु पहाऱ्यातून निसटून, पोहत पोहत ते पुन्हा किल्ल्यात आले आणि सिद्दी उठून जाईपर्यंत त्यांनी किल्ला लढविला. ह्या कथेत लोकांनी आपल्या पदरची काही भर घातली असेलही. तथापि बापाचा किल्ला त्यांनी सोडला नाही एवढे खरे, आणि हे सुवर्णदुर्गाचे नाव वाचकांनी स्मरणात ठेवावे, कारण ते पुढे पुन्हा यावयाचे आहे.

१६९८ च्या सुमारास सिधोजी गुजर मरण पावले व आरमाराची मुखत्यारी कान्होजींकडे आली. सरखेल हा किताब त्यांस मिळाला. त्यांनी अलिबागेजवळील कुलाब्याचा किल्ला आपले मुख्य ठाणे केले. त्यांची गलबते फार मोठी नव्हती. गुराब नावाची दोन वा तीन डोलकाठ्यांची नाव असे, तिच्या नाळेवरून तोफा पुढे मारिता येत. तिच्याबरोबर गलबते असत. ती हलकी असून चाळीस-पन्नास वल्ह्यांनी चालत. वारा पडला म्हणजे इंग्रजांची मोठी जहाजे जागच्या जागी उभी राहात, आणि वल्ह्यांवर चालणारी ही गलबते त्यांच्या पाठीमागून येऊन तोफा डागीत. ह्या आरमारावर हिंदू व मुसलमान होते, तसेच फिरंगी व इतर युरोपी लोकही चाकरीस होते. जो काम जाणतो त्यास काम द्यावे, असा कान्होजींचा रिवाज दिसतो.

कोकणच्या समुद्रातून जाणाऱ्या व्यापाऱ्याने आपला दस्तक घ्यावा व त्याबद्दल जकात भरावी, असा त्यांचा नियम होता. फिरंगी लोक हेच पूर्वीपासून करीत आले होते. परंतु तेच एका मराठी सरदाराने करिताच इंग्रजांनी त्यास चाचा ठरविले, आणि पुढे इंग्रजी पुस्तकांत ते नाव कायम झाले. आमच्या मते हा न्याय नव्हे. आपल्या राजाच्या सनदेने आपल्या किनाऱ्यावर जकात घेणाऱ्यास लुटारू म्हणता येत नाही. तथापि कान्होजींच्या हातून दांडगाई कधी झालीच नाही, असेही आम्ही म्हणणार नाही. १७१२ साली त्यांच्या लोकांनी मुंबईच्या गव्हर्नराची एक नाव पकडली. तीत कारवारच्या वखारीचा चौन नावाचा अधिकारी ठार झाला, आणि त्याची तरुण पत्नी कैद होऊन कुलाब्यास आली. पुढे तहाच्या बोलण्यात ३०,००० रुपये दंड घेऊन १७१३ च्या आरंभी तिची सुटका झाली. त्या काळी कैद्यांचा दंड सर्वच घेत. तरी पती मेल्यावर परक्या किल्ल्यात बसून पैशाची वाट पाहणाऱ्या त्या मुलीची आठवण चरित्रकाराने गाळू नये, असे आम्हांस वाटते.

त्याच वर्षी घरच्या राजकारणातही मोठा पेच पडला. शाहू महाराज व ताराबाई ह्यांच्या तंट्यात कान्होजी ताराबाईंच्या पक्षाचे होते. शाहूंनी आपला पेशवा बहिरोपंत पिंगळे ह्यास त्यांच्यावर पाठविले. कान्होजींनी त्यालाच कैद केले आणि लोहगड व राजमाची हे किल्ले घेतले. मग बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले. ते श्रीवर्धनचे, कोकणातले गृहस्थ, कान्होजींच्या ओळखीचे. त्यांनी लढाई न करिता बोलणी केली व १७१४ च्या फेब्रुवारीत तह झाला. कान्होजींनी पेशव्यास सोडिले, शाहूंस धनी मानिले आणि राजमाची खेरीजकरून घेतलेले सर्व परत केले. त्यांस सरखेलपद कायम मिळाले, आणि खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग वगैरे १० किल्ले व १६ लहान ठाणी त्यांच्याकडे राहिली. दोन शहाण्या माणसांनी एकत्र बसून भांडण मिटविले, आणि त्यामुळे पंधरा वर्षे कोकणकिनारा एका हाताखाली राहिला.

त्या पंधरा वर्षांच्या लढाया आम्ही थोडक्यात सांगतो. मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून ह्याने आंग्र्यांचा नाश करण्याचा निश्चय करून आरमार सजविले. १७१७ साली इंग्रज विजयदुर्गावर गेले व हात हालवीत परत आले. १७१८ साली खांदेरीवर गेले, तेथेही तेच झाले. १७२० साली तरंगता तोफखाना बांधून पुन्हा विजयदुर्गावर गेले. तोही उपयोगी पडला नाही. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व फिरंगी दोघे मिळून कुलाब्यावर चालून आले. इंग्लंडच्या राजाच्या आरमाराचा कमोडोर मॅथ्यूज जातीने हजर होता. हल्ला फसला, तेव्हा मॅथ्यूजने संतापून आपली छडी फिरंगी सेनापतीच्या तोंडात खुपसली, असे त्या मोहिमेत असलेल्या डाउनिंग नावाच्या इंग्रजाने लिहून ठेविले आहे! इतक्यात बाजीराव पेशवे फौज घेऊन मदतीस आले, आणि फिरंग्यांनी इंग्रजांस न विचारता १७२२ च्या जानेवारीत निराळा तह करून टाकिला. १७२४ साली डच लोकही विजयदुर्गावर येऊन तसेच परत गेले.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींनी देह ठेविला.

आता त्यांच्या घराकडे वळू. सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, येसाजी व धोंडजी असे सहा पुत्र त्यांच्यामागे राहिले. सर्व एकाच मातेच्या पोटचे नव्हते. वडील पुत्र सेखोजी सरखेल झाले. ते कुलाब्यास राहिले व त्यांचे सख्खे बंधू संभाजी दक्षिणेकडील ठाण्यांवर. सेखोजी शांत व धोरणी पुरुष होते. भावांस त्यांनी एकत्र धरून ठेविले. १७३३ साली पेशव्यांनी जंजिऱ्याच्या सिद्दीवर मोहीम केली, तीत ते सामील होते. आणि त्याच वर्षी, बापानंतर अवघ्या चार वर्षांनी, ते मरण पावले.

त्यानंतर जे घडले ते लिहिताना लेखणी जड होते. सरखेलपद संभाजींस मिळाले. त्यांचे व मानाजींचे पटेना. मानाजींनी फिरंग्यांची मदत आणून उघड तलवारीने कुलाब्याच्या तटावर चढाई केली व किल्ला घेतला. आत धाकटे बंधू येसाजी होते. त्यांचे डोळे काढून त्यांस कैदेत टाकिले, असे ग्रँट डफ ह्याने आपल्या बखरीत लिहिले आहे. ज्या किल्ल्यावर १७२१ साली इंग्रज व फिरंगी दोघांस मिळून चढता आले नाही, तो पित्याच्या मृत्यूस पुरती सहा वर्षेही झाली नसता पुत्राने शत्रूच्या मदतीने पुत्रापासून घेतला. पुढे कबूल केलेला मुलूख न मिळाल्यामुळे तेच फिरंगी उलट संभाजींस मिळाले. मग मानाजींनी बाजीरावांस बोलाविले. बाजीरावांनी मदत केली आणि त्या मदतीबद्दल कोथळीगड व राजमाची हे दोन किल्ले घेतले. बापाने १७१४ साली सर्व काही परत केले, पण राजमाची दिली नव्हती, हे वर सांगितलेच आहे.

१७३५ साली बाजीरावांनी घराची वाटणी करून दिली. कुलाबा मानाजींकडे, सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग संभाजींकडे. आमच्या मंडळ्यांतून भावाभावांच्या शेताच्या वाटण्या आम्ही पाहतो. बांध घालून शेत दोघांस देता येते, आणि दोघेही पीक काढतात. पण होडी मधून कापून दोघांस देता येत नाही. आंग्र्यांची दौलत शेत नव्हती, होडी होती. निम्मे आरमार निम्म्या किनाऱ्याचेही रक्षण करू शकेना. कारण प्रत्येकास समोरच्या इंग्रजापेक्षा पाठीमागच्या भावाचीच धास्ती अधिक वाटे.

ह्यात पित्याचा दोष किती, असे कोणी विचारील. कान्होजींनी पुत्रांस समुद्र शिकविला ह्याविषयी शंका नाही. सेखोजी व संभाजी दोघेही आरमार चालविण्यात कच्चे नव्हते, आणि १७३५ साली संभाजींनी इंग्रजांचे डर्बी नावाचे मोठे मालजहाज पकडले, हे पित्यासही साजले असते. परंतु हे सर्व घर एका वडील पुत्राच्या समंजसपणावर उभे होते, आणि तो गेल्यावर दुसरा आधार नव्हता. कान्होजी स्वतः जिवंत असता भांडणाऱ्यांस एकत्र बसविणारे होते. आपल्यामागे ते काम कोणी करावे, ह्याची तजवीज झालेली दिसत नाही. आमच्या मनास हीच गोष्ट लागते. बाळाजी विश्वनाथांबरोबर बसून त्यांनी राज्याचा तंटा मिटविला. पुत्रांचा तंटा त्यांच्या डोळ्यांदेखत उभाच राहिला नव्हता, म्हणून तो मिटविण्याची वेळही त्यांस आली नाही.

संभाजींच्या पश्चात तुळाजी विजयदुर्गास बसले. ते शूर होते, पण कोणाचेच ऐकत नसत. त्यांनी पेशव्यांशी वैर धरिले, आणि बाळाजी विश्वनाथांचे नातू नानासाहेब पेशवे ह्यांनी त्यांच्याविरुद्ध इंग्रजांशी करार केला. १७५५ साली कमोडोर जेम्स ह्याने मराठ्यांच्या साहाय्याने सुवर्णदुर्ग घेतला. पोहत येऊन कान्होजींनी वाचविलेला सुवर्णदुर्ग तो हाच. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन व क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. आंग्र्यांची गलबते बंदरात एकमेकांस बांधून ठेविली होती. तोफेचा एक पेटता गोळा एका गलबतावर पडला, त्याची आग दुसऱ्यावर गेली, तेथून तिसऱ्यावर, आणि संध्याकाळपर्यंत सर्व आरमार जळाले. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत राहिले व कैदेतच मेले.

मानाजींचा वंश कुलाब्यास राहिला. १८४० साली तेथेही औरस वारस नाही असे म्हणून इंग्रजांनी ते संस्थान खालसा केले. स्वातंत्र्यानंतर, १९५१ साली, भारतीय नौदलाने मुंबईतील आपल्या ठाण्यास आंग्रे हे नाव दिले. कान्होजींची समाधी अलिबागेस आहे. तेथून समुद्राकडे थोडे चालले म्हणजे समोर कुलाब्याचा किल्ला दिसतो. ओहोटीच्या वेळी त्याच्या दरवाजापर्यंत वाळूतून पायी जाता येते.