तापाच्या पेशंटचं रक्त वाचणारा मुंबईचा डॉक्टर : हेन्री कार्टर

घोडबंदर रोड : पावसाळ्यात शहापूर, मुरबाडकडचे आपले तापाचे पेशंट ठाण्याला हलवले की पहिलं काम रक्त तपासायचं. घोडबंदर रोडला लॅबच्या पाट्या जागोजागी दिसतात. पण दीडशे वर्षांपूर्वी ताप म्हणजे नाडी बघायची, जीभ बघायची, एवढंच होतं. त्या काळात मुंबईत तापाच्या पेशंटचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरून जंतू शोधला तो डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी.

कार्टर यांचा जन्म १८३१ चा, इंग्लंडमधल्या हल गावचा. वडील चित्रकार, त्यामुळे हातात चित्रकला होतीच. लंडनला डॉक्टरकी शिकले. डॉक्टर होणारी पोरं आजही ज्या 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' पुस्तकाचं नाव घेतात, त्याच्या पहिल्या आवृत्तीतली चित्रं कार्टर यांची. पुस्तक १८५८ ला आलं. नाव ग्रे यांचं झालं. पुढच्या विक्रीतला वाटाही त्यांनाच, कार्टर यांना एकदाच काय ते पैसे मिळाले.

त्याच साली ते मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवलं. १८६३ पासून जवळपास नऊ वर्षं साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. कुष्ठरोगावर काम केलं. अनवाणी शेतात राबणाऱ्यांच्या पायाला गाठी येऊन पू वाहतो, त्या रोगामागे बुरशी आहे हेही त्यांनी मांडलं.

मग १८७६ चा दुष्काळ पडला. दख्खनमधली माणसं पोटासाठी मुंबईत आली. उपाशी, एकाला एक चिकटून राहणारी. १८७७ ला त्यांच्यात तापाची साथ आली. पाच-सात दिवस कडक ताप, मग घाम फुटून उतरायचा. माणूस बरा झाला असं वाटायचं आणि आठवड्याभरात ताप उलटायचा. कित्येक जण त्यातच गेले.

कार्टर यांनी या पेशंटांचं रक्त रोज तपासायला घेतलं. ताप असताना रक्तात स्प्रिंगसारखे वळवळणारे जंतू दिसायचे. ताप उतरला की दिसेनासे व्हायचे. उलटला की परत हजर. असे जंतू बर्लिनच्या ओबरमायर यांनी आधी पाहिले होते, पण भारतातल्या तापात ते दाखवले कार्टर यांनी. पेशंटचं रक्त माकडांना टोचलं, तर माकडांनाही ताप आला. १८८२ ला त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. १८८८ ला निवृत्त होऊन ते मायदेशी गेले आणि १८९७ ला क्षयाने वारले.

जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातो कसा, हे मात्र त्यांच्या हयातीत उलगडलं नाही. १९०७ ला नाशिकला डॉ. मॅकी यांनी दाखवलं की हा ताप उवा पसरवतात. त्याआधी १९०४-०५ ला आफ्रिकेत कळलं होतं, की तसाच उलटणारा ताप तिकडे गोचिडीमुळे होतो.

गोचीड आपल्याला नवी नाही. गोठ्यात आहे, कुत्र्याच्या कानात आहे, येऊरच्या जंगलातही आहे. महाराष्ट्रात गोचिडीपासून टायफस नावाचा वेगळा ताप होतो. ताप, डोकेदुखी आणि अंगावर, कधी तळहात-तळपायावरसुद्धा पुरळ. त्याचा जंतू साध्या काचपट्टीवर दिसत नाही. रक्तात त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं तपासतात आणि ती तयार व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी रोग नाही असं होत नाही.

कार्टर यांच्या कामातून घ्यायचं ते हेच. रक्त तपासलं एवढं पुरत नाही, तापाच्या कितव्या दिवशी तपासलं ते महत्त्वाचं. म्हणून ताप सुरू झाल्याची तारीख लिहून ठेवा. जंगलात, गवतात गेलो होतो, गोचीड चावली होती, हे डॉक्टरांना न विचारता सांगा. रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या तर शंका घेऊ नका. या तापावर डॉक्सिसायक्लिन चांगलं लागू पडतं, पण ते डॉक्टरांनीच द्यायचं. उशीर झाला तर जीवावर बेततं.