डाव्या हाताचा नेमबाज : कारोय टाकाच

पेडण्याची पुनव असो अथवा शिरगावची जत्रा, फुगे फोडण्याच्या बंदुकीचे दुकान तेथे असावयाचेच. खाऊचे पैसे त्या दुकानात घालविले नाहीत असा विद्यार्थी आमच्या शाळेत क्वचितच सापडेल. त्या बंदुकीची माशी बहुधा वाकडी असते. दुकानदारास ते ठाऊक असते, आपणांस नसते, इतकेच! परंतु याच जत्रेत एक मुलगा भरलेली बंदूक हाती घेऊन मागे वळला व हसत हसत मित्राच्या छातीवर त्याने ती रोखली, हे आम्ही स्वतः पाहिले आणि तो प्रसंग आम्हांस अद्याप विसरता आलेला नाही. आमच्या पेडणे-डिचोली भागात रानडुकरांपासून पिके राखण्यासाठी परवान्याची बंदूक बाळगणारी घरे आहेत. झुडपात हालचाल दिसली म्हणून बार उडविला आणि पुढे माणूसच निघाला, अशा वार्ता या डोंगरपट्ट्यातून अधूनमधून येतात. म्हणून बंदूक हाताळण्याच्या विद्येत ज्याने कीर्ती मिळविली आणि दारूगोळ्याचा दोष ज्याने स्वतःच्या शरीरावर भोगला, अशा एका पुरुषाचे चरित्र आम्ही यंदा निवडले आहे.

कारोय टाकाच याचा जन्म 21 जानेवारी 1910 रोजी हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे झाला. तरुणपणी तो सैन्यात शिरला व सार्जंट, म्हणजे आपल्याकडील हवालदाराच्या, दर्जास पोहोचला. पिस्तुलाच्या नेमबाजीत त्याचा हात असा काही बसला, की 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांसाठी त्याचीच निवड व्हावयास हवी होती. ती झाली नाही. कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्यांनीच संघात असावे, असा त्या सैन्याचा नियम होता. नियम दोन प्रकारचे असतात. काही जीव वाचवितात, काही केवळ मान राखतात. हा दुसऱ्या प्रकारचा होता, असे आमचे स्पष्ट मत आहे. बर्लिननंतर तो रद्दही झाला. पुढे 2012 साली आपल्या भूसेनेतील विजय कुमार याने टाकाचच्याच क्रीडाप्रकारात लंडन येथे रौप्यपदक मिळविले, तेव्हा तो सुभेदार होता. बर्लिनच्या वेळचा हंगेरीचा नियम लावला असता तर त्यास घरीच बसावे लागले असते.

वाट मोकळी झाली, आणि 1938 साली लष्करी सरावाच्या वेळी एक सदोष हातबाँब टाकाचच्या उजव्या हातात फुटला. ज्या हाताने तो नेम धरीत असे, तोच हात निकामी झाला. महिनाभर तो रुग्णालयात होता. तेथून बाहेर पडल्यावर, कोणासही न कळविता, त्याने डाव्या हाताने सराव आरंभिला.

येथे या खेळाचा एक नियम वाचकांनी ध्यानी घ्यावा. स्पर्धेत पिस्तूल एकाच हाताने धरावे लागते. दुसऱ्या हाताचा आधार घेता येत नाही. म्हणजे ज्याचा सराव उजव्या हाताचा, त्याचे सारे कौशल्य त्या एका हातात साठलेले असते व तो गेला की सारेच जाते. मात्र तोच नियम असेही सांगतो, की या खेळास एकच हात पुरतो. टाकाचने नियमाची ही दुसरी बाजू पाहिली.

1939 च्या वसंत ऋतूत हंगेरीची राष्ट्रीय स्पर्धा भरली. तो दिसताच जुने सोबती सांत्वनासाठी जवळ आले. तो सामने पाहावयास आला असावा असा त्यांचा समज झाला. आपण स्पर्धेत उतरण्यास आलो आहो, असे त्याने सांगितले, आणि ती स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी विश्वविजेत्या ठरलेल्या हंगेरीच्या पिस्तूल संघातही तो होता. पुढे महायुद्ध पेटले व 1940 आणि 1944 चे ऑलिंपिक सामने भरलेच नाहीत.

1948 साली लंडन येथे तो उतरला तेव्हा अडतीस वर्षांचा होता. त्याचा प्रकार जलद पिस्तुलाचा. पंचवीस मीटरांवर पाच लक्ष्ये एकदम वळून समोर येतात आणि प्रत्येकावर एक याप्रमाणे पाच गोळ्या प्रथम आठ, मग सहा आणि शेवटी अवघ्या चार सेकंदांत झाडावयाच्या असतात. अशा एकूण साठ गोळ्या. अर्जेंटिनाच्या दिआस साएन्स वालिएन्ते या जगज्जेत्याने, येथे कशासाठी आलात, असे त्यास विचारले. शिकण्यासाठी, असे टाकाचने उत्तर दिल्याचे सांगतात. सहाशेपैकी 580 गुण मिळवून त्याने नवा विक्रम केला व सुवर्णपदक घेतले. अर्जेंटिनाचा वीर दुसरा आला, आणि आपले शिक्षण पुरे झाले आहे, असे त्याने मोकळ्या मनाने टाकाचला सांगितले.

एवढी घाई असलेल्या या खेळात अपघात घडू नयेत म्हणून केलेले नियम मात्र सावकाशीचे आहेत. आज्ञा होईपर्यंत काडतूस भरावयाचे नाही. नळी सदैव लक्ष्याकडेच. थांबा म्हटले की त्या क्षणी थांबावयाचे. लक्ष्यांपाशी कोणी गेले असता हत्यारास हात लावावयाचा नाही, आणि ते रिकामे आहे हे सर्वांस दिसावे म्हणून नळीच्या मागील घरात रंगीत निशाणी घालून ठेवावयाची. या प्रकारात 5.6 मिलिमीटरची लहान काडतुसे वापरतात व त्यांची गोळी शिशाची किंवा तशाच मऊ धातूची असावी लागते. त्यांतील एखादे उडाले नाही तर नेमबाजाने पिस्तूल उलटेसुलटे करून पाहू नये. नळी लक्ष्याकडेच ठेवून मोकळा हात वर करावा व पंचास बोलवावे. न उडालेला बार क्षणभराने उडू शकतो. दिवाळीत विझलेला फटाका वाकून पाहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना हे वेगळे सांगावयास नको. जत्रेतील त्या मुलास तर अशा मैदानावरून तत्काळ बाहेर काढले असते.

1952 साली हेलसिंकी येथे टाकाचने 579 गुणांनी पुन्हा सुवर्णपदक जिंकले. त्याच्याहून केवळ एका गुणाने मागे राहिलेला सिलार्ड कुन हा त्याचाच देशबांधव व शिष्य होता. 1956 साली मेलबर्न येथे टाकाच आठवा आला. 1958 च्या जागतिक स्पर्धेत त्यास कांस्यपदक मिळाले. राष्ट्रीय विजेतेपदे त्याने पस्तीस वेळा मिळविली. एके काळी सार्जंट म्हणून घरी बसविलेला हा शिपाई लेफ्टनंट कर्नल होऊन निवृत्त झाला आणि 5 जानेवारी 1976 रोजी वारला.